‘घरीच असते’ म्हणणाऱ्या बाईच्या हातातलं शिसं

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. राजेमहाराजांचा नाही, दोन धातूंचा. एक शिसं आणि दुसरं कॅडमियम. हे दोन्ही धातू कारखान्यात असतात असं आपल्याला वाटतं. पण ते बाईच्या हातून, घरातल्या ओट्यावरून आणि अंगणातल्या चुलीवरूनही गेलेले आहेत, आणि आजही जातात.

गटाचे अर्ज भरताना एक रकाना येतो, ‘व्यवसाय’. बाईला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही, घरीच असते.” मग जरा बोलत बसलं की कळतं, ती दुपारी मंगळसूत्राचे मणी ओवते, रात्री ब्लाउजला हुक लावते, सणाच्या आधी मसाला आणि हळद दळून पाकिटं भरते, नाहीतर नवऱ्याच्या जाळ्याची डागडुजी करते. हे सगळं काम आहे. त्याचे पैसे येतात. तरी रकान्यात ‘गृहिणी’ एवढंच लिहिलं जातं. काम लिहिलं गेलं नाही, की त्या कामातून होणारा आजारही कुठे लिहिला जात नाही. आजची सगळी गोष्ट या एका रकान्याची आहे.

शिसं आपल्या ओळखीचं

शिसं आपल्याला परकं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांनी आपल्या या मुलखात शिशाची नाणी पाडली. आपल्याच जिल्ह्यातलं जुन्नर हे त्या काळचं मोठं व्यापारी ठिकाण होतं. आपल्या जुन्या रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात, आणि न शोधलेला नाग शरीराला अपाय करतो असं ते शास्त्रही सांगतं. म्हणजे हा धातू घातक आहे, हे ज्ञान काही काल-परवाचं नाही.

शेंदूर तर प्रत्येक गावात आहे. मारुतीला, म्हसोबाला शेंदूर असतो. आपल्या बारामती तालुक्यातल्या मोरगावच्या मयूरेश्वरालाही शेंदूर आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिसं तापवून केलेली लाल पूड, शिशाचा ऑक्साइड. देवाला तो लावण्यात कुणाला काही म्हणायचं नाही. पण तो घरात कुटणं, चाळणं, पुड्या बांधणं, आणि त्याच हातानं लेकराला घास भरवणं, ही गोष्ट वेगळी. कुंकू हळदीपासून करतात, शेंदूर शिशापासून. दोन्ही लाल दिसतात, म्हणून दोन्ही सारखे नव्हेत.

आता आपल्या उजनीकडे येऊ. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं, शिवारं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर येतं. त्या पाण्यावर मासेमारी उभी राहिली, भिगवणचा मासळी बाजार नावारूपाला आला. फेकून टाकायच्या जाळ्याच्या कडेला वजन लागतं. ते वजन बहुतेक ठिकाणी शिशाचं असतं, म्हणजे जाळं भराभर तळाला बसतं.

शिसंच का? कारण ते सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळतं. तांब्याला 1000 अंशांच्या वर जावं लागतं, चांदीला 961. शिशाला भट्टी लागत नाही, घरची चूल पुरते. एक लोखंडी पळी आणि मातीचा साचा, झालं काम. ही सोयच घात करते. जो धातू चुलीवर वितळतो तो स्वयंपाकघरात येतो, आणि स्वयंपाकघरात बाई असते, पोर असतं, पिठाचा डबा असतो. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, कार्ताहेना शहरातल्या मुलांचं रक्त संशोधकांनी तपासलं. जाळ्याची शिशाची वजनं जिथे घरीच ओतली जात होती, त्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं. मुलं काही शिसं ओतत नव्हती. ती फक्त त्या घरात राहत होती.

एका वैद्याचा प्रश्न

इटली देशात बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. कुंभार, सोनार, रंगारी, सुईणी, धोबिणी, अशा एकेका धंद्याला कोणता आजार जडतो ते त्यांनी नोंदवलं. मडक्यांना चकाकी आणायला कुंभार शिशाचा लेप वापरत. त्यांचे हात आधी थरथरायचे आणि पुढे लुळे पडायचे, असं त्यांनी लिहून ठेवलं. या वैद्यबुवांनी पुढच्या सगळ्या डॉक्टरांना एक सल्ला दिला. रोग्याला जे काही विचारता, त्यात आणखी एक प्रश्न घाला, “तू काम काय करतोस?”

त्यानंतर दोनशे वर्षांनी अमेरिकेत डॉ. अॅलिस हॅमिल्टन या बाईंनी 1910 मध्ये इलिनॉय राज्यात शिशाच्या कामगारांची पाहणी सुरू केली. नुसते कारखाने बघून त्यांचं समाधान झालं नाही. दवाखान्यांच्या नोंदी त्यांनी चाळल्या, कामगारांच्या घरी जाऊन चौकशी केली आणि आजारी माणसं शोधून काढली. पुढे 1919 मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. आपल्या आशाताई दारोदार जाऊन जे करतात, तेच हे काम होतं.

रामाझिनींचा प्रश्न आजही बरोबर आहे. पण आपल्याकडे तो विचारला तरी उत्तर येतं, “घरीच असते.” तिथे तपास थांबतो.

कायदा कारखान्याच्या दाराशी थांबला

शिशाचा धोका सरकारांना ठाऊक नव्हता असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 1919 साली स्थापन झाली. त्याच वर्षीच्या तिच्या पहिल्या परिषदेत बायका आणि मुलांना शिशाच्या विषबाधेपासून वाचवण्याची शिफारस झाली. शिशाची राख हाताळणं, बॅटरीत शिशाचा लेप भरणं, शेंदूर तयार करणं, अशा कामांवर बायकांना ठेवू नका, असं त्यात होतं. आपल्या देशात 1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला. त्याच्या यादीत अगदी सुरुवातीपासून जे मोजके व्यवसायजन्य आजार होते, त्यांत शिशाची विषबाधा होती. 1948 च्या कारखाना कायद्यानं सांगितलं, की असा रोगी आढळला तर डॉक्टरनं सरकारला कळवलंच पाहिजे.

म्हणजे कायदा झाला. पण तो लागू कुठे? कारखान्यात. मूळ कायद्याप्रमाणे, वीज वापरून दहा माणसं किंवा विजेविना वीस माणसं काम करत तिथे. घरात तर एक बाई, तिची सासू आणि शाळेतून आलेली मुलगी. शिशाच्या कामापासून बाईला दूर ठेवा, असं सांगणारा नियम कारखान्याच्या दाराशी थांबला. काम मात्र पिशवीत बसून घरात आलं. तिथे तपासनीस नाही, हातमोजे नाहीत, धूर ओढणारा पंखा नाही. दवाखान्याचा खर्चही तिचाच.

याला एक मोठा अपवाद आपल्या शेजारी आहे, सोलापूरची विडी. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं कामगार मानलं. कायद्यात नाव आलं म्हणून ओळखपत्राची, भविष्यनिर्वाह निधीची मागणी करता आली. सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार बायकांनी लढून स्वतःची 10,000 घरांची वसाहत उभी केली. गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलं आहे. 2006 मध्ये ती घरं त्यांच्या हाती आली. त्यांचं काम धोक्याचं नव्हतं असं नाही. तंबाखूची धूळ आहेच, शिवाय तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं. पण त्या बायका मोजल्या गेल्या, आणि मोजलेल्या बाईला मागता येतं.

बाकीच्या घरकामगार बायकांसाठी जगानं उशिरा तोंड उघडलं. 1996 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरी काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. भारतानं त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. 2008 च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात आणि नंतर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरी काम करणारा कामगार’ अशी व्याख्या मात्र आली. 2021 मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. दार थोडं उघडलं आहे, आत शिरायचं काम आपलं.

चांदी, सोनं आणि ‘केडीएम’

आता सोन्याचांदीकडे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यावसायिक मंडळी आपल्याला माहीत आहेत. दुष्काळी मुलूख, शेती पिकेना, म्हणून ही माणसं सोनं-चांदी गाळण्याचं कसब घेऊन देशभरच्या सराफ पेठांत पांगली. बायकापोरंही बरोबर गेली. या धंद्यात तेजाबाची वाफ आहे. आणि चांदी शुद्ध करायच्या जुन्या पद्धतीत शिसं आहे. चांदीबरोबर शिसं वितळवतात, ते हिणकस ओढून घेतं आणि चांदी स्वच्छ राहते. पण शिशाचा काही भाग धुरात जातो. लखनौच्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात चांदीचे दागिने घडवणाऱ्या कारागिरांमध्ये शिशाची विषबाधा झाल्याची नोंद केली. हे कारागीर मोठ्या कारखान्यात नव्हते, छोट्या छोट्या खोल्यांतून काम करत होते.

कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत दागिन्याचं काम तुकड्या-तुकड्यानं घरोघर वाटलं जातं. कुणी कड्या जोडायच्या, कुणी घुंगरू लावायचे. ब्राझील देशातल्या लिमेरा शहरातही असंच नकली दागिन्यांचं काम घराघरांत चालतं आणि तिथल्या संशोधकांनी त्यातल्या धातूंचा अभ्यास केला आहे. समुद्रापलीकडच्या बाईची आणि आपली गोष्ट एकच निघाली.

कडीला कडी जोडायची तर झाळ द्यावी लागते. जोडाचा धातू लवकर वितळावा म्हणून त्यात कॅडमियम मिसळण्याची रीत पडली. आपण सराफाकडे ‘केडीएम सोनं’ हा शब्द ऐकतो ना, तो या कॅडमियमवरूनच आला. पूर्वी जोडासाठी तांब्यासारखा धातू सोन्यात मिसळत, त्यानं दागिन्याचा कस उतरायचा. कॅडमियम आलं, झाळेत सोनं जास्त ठेवता येऊ लागलं, कस टिकला, गिऱ्हाईक खूश झालं. पण कॅडमियम 767 अंशांना उकळतं. फुंकणीच्या ज्योतीखाली त्याची वाफ होते आणि वाकून बसलेल्या कारागिराच्या छातीत जाते. फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं खराब होतात. म्हणून भारतीय मानक ब्युरोनं सोन्यात कॅडमियमला मनाई केली आणि आता हॉलमार्क बघून सोनं घ्या असं सांगितलं जातं. मैत्रिणींनो, ‘केडीएम’ या शब्दानं आपल्याला दागिन्याचा कस कळला. तो दागिना जोडणाऱ्याच्या छातीत काय गेलं, ते कुणी सांगितलं नाही.

कॅडमियम बायकांना किती छळतं हे जपाननं पाहिलं. तिथल्या तोयामा भागात जिंझू नदीच्या वर खाण होती. खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीतून भातखाचरात, भातातून पोटात. अनेक बाळंतपणं झालेल्या, उतारवयाच्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली, की नुसत्या खोकल्यानं बरगडी मोडायची. त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. कैक वर्षं लोकांना कारण कळलं नव्हतं. 1968 मध्ये सरकारनं कॅडमियमचं कारण मान्य केलं. गावकऱ्यांनी खाण कंपनीवर दावा लावला आणि 1971 मध्ये जिंकला, वरच्या न्यायालयातही 1972 मध्ये तोच निकाल कायम राहिला.

अंगात गेल्यावर काय होतं

शिसं चव देत नाही, वास देत नाही. धूर आणि धूळ होऊन ते श्वासातून जातं, हातावरून घासातून जातं. सुरुवातीला थकवा, डोकेदुखी, पोटात कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड. अंगातलं रक्त कमी होतं. जास्त झालं तर मनगट लुळं पडतं, मूत्रपिंडं बिघडतात, रक्तदाब वाढतो, गर्भपात होऊ शकतो. यातलं एकही लक्षण असं नाही की जे आपल्याला उन्हानं, कामानं, पाळीनं होत नाही. म्हणून ते अंगावर काढलं जातं. रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या घ्याव्यातच. पण शिसं रोज अंगात जात असेल तर नुसत्या गोळीनं भागत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट ही, की शिसं हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, आणि त्याबरोबर शिसंही सुटून बाळापर्यंत पोहोचतं. मुलगी माहेरी असताना केलेलं काम सासरी बाळंतपणात उगवतं. ज्या बाईच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, तिचं शरीर शिसं आणखी जास्त शोषतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे विसरू नका. आणि लहान मुलाचं पोट मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं. मुलाची बुद्धी, लक्ष, वाढ यावर त्याचा कायमचा परिणाम होतो. शिशाचं अमुक इतकं प्रमाण चालेल अशी सुरक्षित मर्यादा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 मध्ये युनिसेफनं अंदाज दिला, की जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीचं शिसं आहे आणि त्यांतली सुमारे 27.5 कोटी मुलं भारतात आहेत.

आफ्रिकेतल्या सेनेगल देशात डाकार शहराजवळ चारोय नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम चालायचं, आणि त्या मातीत शिसं मिसळलं होतं. शिशाला भाव आला तशा बायका ती माती पोत्यात भरून घरी आणून चाळू लागल्या. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात त्या वस्तीत 18 लहान मुलं दगावली. नंतर कारण सापडलं, शिसं. त्या बायकांनी काही वावगं केलं नव्हतं. चार पैसे मिळावेत म्हणून घरातच काम केलं होतं, लेकरं नजरेसमोर राहावीत म्हणून.

बदल होतो, झालेला आहे

आता एक चांगली गोष्ट. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी तिला शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, लावत. बांगलादेशात 2019 मध्ये हे उघड झालं. बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. तिथल्या संशोधकांनी आणि सरकारनं मिळून गावोगाव सांगितलं, गिरण्या तपासल्या, दंड केले. 2021 मध्ये नमुने घेतले तेव्हा एकातही शिसं सापडलं नाही. हळदीच्या गिरणीत काम करणाऱ्यांच्या रक्तातलंही शिसं उतरलं. दोन वर्षांत हे झालं. आपले कितीतरी गट हळद आणि मसाले विकतात, म्हणून ही गोष्ट आपली आहे. हळकुंड आपल्या डोळ्यांसमोर दळा, बाहेरून तयार पूड किंवा रंग आणून मिसळू नका, फार चकचकीत पिवळं हळकुंड दिसलं तर विचारा.

घरात शिशाचं किंवा झाळेचं काम होत असेल, तर एवढं तरी करा. स्वयंपाकाच्या चुलीवर शिसं कधीच वितळवू नका, आणि त्यासाठी वापरलेलं भांडं परत स्वयंपाकात घेऊ नका. जुनी बॅटरी घरी फोडू नका, नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. काम घराबाहेर, धूर अंगावर येणार नाही असं बसून करा. गरोदर बाई आणि लहान मुलं तिथे नकोत. जागा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, म्हणजे धूळ उडत नाही. कामाचं लुगडं वेगळं ठेवा, वेगळं धुवा. हात धुतल्याशिवाय घास नाही, चहा नाही, आणि मिश्री तर नाहीच, कारण बोट थेट तोंडात जातं. जाळ्याला लोखंडाचं किंवा दुसऱ्या धातूचं वजन चालतं का, हे घरच्यांशी बोला. जेवणात बाजरी, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, दूध ठेवा. मोड आलेल्या कडधान्यावर लिंबू पिळा. त्यानं गेलेलं शिसं निघत नाही, पण नवं शोषलं जाणं कमी होतं.

दवाखान्यात गेलात तर स्वतः होऊन सांगा, “डॉक्टर, मी घरी शिशाचं काम करते,” किंवा “झाळेचं काम करते.” रक्तातलं शिसं तपासता येतं. ही तपासणी आपल्या नेहमीच्या रक्त तपासणीत नसते, ती वेगळी मागावी लागते. मागायची तर कामाचं नाव सांगावं लागतं.

म्हणून गटांना आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक पान वेगळं काढा. प्रत्येकीचं नाव, ती घरी काय काम करते, त्यात कोणता माल हाताळते, माल कोण देतं, घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे का, एवढं लिहा. ई-श्रमची नोंदणी राहिली असेल तर व्यवसाय बरोबर लिहून ती करून घ्या. ते पान ग्रामसंघात ठेवा, एक प्रत आशाताईंना द्या. आणि यापुढे अर्जात ‘व्यवसाय’ विचारला, की ‘घरीच असते’ म्हणू नका. जे करता ते सांगा.